मॅजेंटो २ : एपीआयमार्फत ॲट्रिब्यूट काढल्यावर त्यातील माहितीचे नेमके काय होते?

सुताड (प्रश्न)

नमस्कार.

एका कापड व्यापाऱ्याचे ऑनलाइन दुकान मॅजेंटो २.४ या ई-कॉमर्स प्रणालीवर चालते आणि त्याच्या कॅटलॉगची देखभाल मी बाहेरून करतो. सर्व्हरवर मला प्रवेश नाही. रेस्ट एपीआयसाठी (म्हणजे प्रोग्रॅममधून दुकानाला विनंत्या पाठवण्याच्या मार्गासाठी) काढून दिलेले एक टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, आणि ॲडमिनमधील मर्यादित अधिकारांचे एक खाते एवढेच माझ्या हाती आहे. दुकानात साडी, चादर आणि टॉवेल असे तीन ॲट्रिब्यूट सेट (उत्पादनाच्या गुणधर्मांचे, म्हणजे ॲट्रिब्यूटचे, संच) आहेत. गेल्या काही वर्षांत पुरवठादारांच्या याद्या आयात करताना ज्याला जे सुचले ते ॲट्रिब्यूट त्याने तयार केले. परिणामी आज एकट्या रंगासाठी चार ॲट्रिब्यूट आहेत, कापडाच्या वजनासाठी तीन आहेत, आणि ‘विणीचा प्रकार’ तिन्ही सेटमध्ये असला तरी त्याचा खरा उपयोग चादरींनाच होतो. अशी सुमारे तीस ॲट्रिब्यूट मला काढायची आहेत. ॲडमिनमधून एकेक उघडून ती काढता येतील, पण तेच काम आधी स्टेजिंगवर (चाचणीच्या प्रतीवर) आणि मग लाइव्हवर (चालू दुकानावर), त्याच क्रमाने आणि न चुकता करायचे असल्यामुळे मी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

पहिला प्रयोग स्टेजिंगवर केला. टॉवेलच्या सेटमधून ‘विणीचा प्रकार’ काढण्यासाठी ॲट्रिब्यूट सेटच्या पत्त्यावर, सेटचा क्रमांक आणि ॲट्रिब्यूटचा कोड देऊन, डिलीट विनंती पाठवली. उत्तरात नुसते ‘ट्रू’ आले. टॉवेलच्या पानांवरून ती ओळ गेली आणि चादरींच्या पानांवर ती तशीच राहिली, म्हणजे इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे झाले. नंतर व्यापाऱ्याने सांगितले की वॉफल विणीच्या टॉवेलांसाठी ही माहिती त्याला हवी आहे. म्हणून मी तेच ॲट्रिब्यूट पोस्ट विनंतीने त्याच सेटमध्ये, त्याच गटात परत जोडले. रकाना परत आला, पण एकूण एक टॉवेलांच्या नोंदीत तो कोरा होता. चादरींची माहिती मात्र जागच्या जागी आहे.

सेटमधून ॲट्रिब्यूट काढणे म्हणजे उत्पादनाच्या फॉर्मवरून रकाना लपवणे, माहिती खाली टेबलात शाबूत राहते, अशी माझी समजूत होती. हा मॅजेंटोतील दोष आहे की माझ्या समजुतीतील? कोणत्या विनंतीने नेमके काय पुसले जाते, आणि ते विनंती पाठवण्याआधी कळण्याचा काही मार्ग आहे का? गेलेली माहिती परत मिळण्याची शक्यता असल्यास तेही कृपया सांगावे.

रात्रपाळी

हा दोष नाही, मॅजेंटो असेच वागते. मात्र तुमची समजूत चुकणे अगदी स्वाभाविक आहे, कारण आपण ज्याला सरसकट ‘काढणे’ म्हणतो त्यात एपीआयच्या दृष्टीने तीन निरनिराळी कामे येतात, आणि त्यांपैकी सर्वांत घातक दोन कामांना उत्तर अक्षरशः सारखेच मिळते : ते तुमचे ‘ट्रू’.

मॅजेंटोचा कॅटलॉग ईएव्ही (एंटिटी-ॲट्रिब्यूट-व्हॅल्यू) पद्धतीने साठवलेला असतो. साध्या टेबलात प्रत्येक गुणधर्माचा एक कॉलम असतो. येथे उत्पादनाची मूळ नोंद एका टेबलात, ॲट्रिब्यूटची व्याख्या दुसऱ्या टेबलात आणि प्रत्येक मूल्य ही स्वतंत्र ओळ म्हणून पाच टेबलांपैकी एकात असते : छोटा मजकूर, मोठा मजकूर, पूर्णांक, दशांश आणि तारीख यांची ती पाच टेबले. कोणते ॲट्रिब्यूट कोणत्या सेटच्या कोणत्या गटात दिसावे, याची नोंद आणखी एका वेगळ्या टेबलात असते. ही रचना पाहिली की सेटशी असलेले नाते पुसल्याने मूल्यांच्या ओळींना धक्का लागू नये असेच कोणालाही वाटेल. पण ते नाते पुसण्याआधी कॅटलॉग मॉड्यूल स्वतःहून एक साफसफाई करते : त्या क्षणी ज्या उत्पादनांचा सेट हा आहे, त्या सर्वांच्या त्या ॲट्रिब्यूटच्या ओळी मूल्यांच्या टेबलातून काढून टाकते. चादरींचा सेट वेगळा असल्यामुळे त्या ओळी वाचल्या, आणि टॉवेलांच्या गेल्या. परत जोडताना फक्त नाते नव्याने तयार होते. ओळी कोठून येणार?

दुसरे काम म्हणजे ॲट्रिब्यूटची व्याख्याच काढणे. ही डिलीट विनंती सेटच्या पत्त्यावर जात नाही, थेट ॲट्रिब्यूटच्या पत्त्यावर जाते आणि तिला सेटचा क्रमांक लागत नाही. येथे पुसण्याचे काम डेटाबेसच करतो. मूल्यांची पाचही टेबले आणि पर्यायांची टेबले ॲट्रिब्यूटच्या क्रमांकाला फॉरेन कीने, म्हणजे मूळ ओळ गेली की अवलंबून ओळीही जाव्यात अशा अटीने, बांधलेली असतात. त्यामुळे तिन्ही सेटमधील, सर्व स्टोअर व्ह्यूंमधील (दुकानाच्या भाषावार वगैरे आवृत्त्यांमधील) मूल्ये आणि ड्रॉपडाउनचे सगळे पर्याय एका फटक्यात जातात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये या दोन पत्त्यांची अदलाबदल होऊ नये याची काळजी घ्या, कारण दिसायला ते सख्ख्या भावांसारखे आहेत.

तिसरे काम सर्वांत सौम्य आहे : व्याख्या आणि सेट जागेवर ठेवून एखाद्या उत्पादनापुरते मूल्य रिकामे करणे. त्यासाठी उत्पादनाच्या पत्त्यावर पुट (बदल करण्याची) विनंती पाठवून त्या ॲट्रिब्यूटचे मूल्य रिकामे द्यावे लागते. विनंतीतून ते ॲट्रिब्यूट नुसते वगळले तर काहीही पुसले जात नाही, जुने मूल्य तसेच राहते.

आधी अंदाज घेण्यासाठी उत्पादनांच्या यादीची गेट (वाचण्याची) विनंती वापरा. गाळणीत संबंधित ॲट्रिब्यूटचा कोड द्या, अट ‘नॉट नल’ (रिकामे नसलेले) ठेवा, सोबत सेटच्या क्रमांकाची गाळणी लावा आणि पानाचा आकार एक ठेवा. उत्तरातील एकूण संख्या वाचली की किती उत्पादनांची माहिती पणाला लागली आहे ते कळते. ही संख्या शून्य नसेल तर प्रोग्रॅमने पुढे जाऊच नये, असा नियम मी स्वतःपुरता केलेला आहे. ज्या ॲट्रिब्यूटच्या व्याख्येत ‘यूझर डिफाइन्ड’ हा शेरा नकारार्थी आहे त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती मॅजेंटोची स्वतःची असतात, आणि सेटमधून ती काढू गेल्यास एपीआय स्पष्ट नकार देते.

गेलेली माहिती एपीआयमधून परत मिळणार नाही. पण तुम्ही लाइव्हला अजून हात लावलेला नाही, तेव्हा टॉवेलांची मूल्ये तेथून वाचून स्टेजिंगवर परत भरता येतील.

शिक्कामोर्तब

वरील उत्तराला माझी पूर्ण सहमती आहे. पण माहिती रिकामी आहे म्हणून ॲट्रिब्यूट निरुपयोगी, किंवा पानावर दिसत नाही म्हणून निरुपयोगी, असा निष्कर्ष काढू नये, एवढी भर घालतो.

कापडाचे दुकान असल्यामुळे एचएसएन कोडचे (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाचे) उदाहरण घेऊ. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त असेल तर १ एप्रिल २०२१ पासून जीएसटीच्या बिलावर सहा अंकी एचएसएन कोड द्यावा लागतो. ग्राहकाला पानावर तो कोठेच दिसत नाही, शोधात तो लागत नाही, गाळण्यांतही नसतो. सफाई करणाऱ्याला तो अडगळच वाटतो. ऑर्डर नोंदवताना मॅजेंटो उत्पादनाचे नाव, एसकेयू (उत्पादनाचा ओळखकोड) आणि किंमत ऑर्डरच्या ओळीत उतरवून घेते, पण आपण तयार केलेली ॲट्रिब्यूट आपोआप उतरवून घेत नाही. त्यामुळे बिलाचा टेम्प्लेट हा कोड थेट उत्पादनातून वाचत असेल, तर ॲट्रिब्यूट काढल्यानंतर पुन्हा छापलेली जुनी बिलेसुद्धा कोडशिवाय निघतील. आयात केलेल्या मालाचा उत्पादक देश दाखवणाऱ्या ॲट्रिब्यूटबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

दुसरे, रंग आणि आकार. यांपैकी कोणतेही ॲट्रिब्यूट कॉन्फिगरेबल उत्पादनात (ज्यात एका मूळ उत्पादनाखाली अनेक उपउत्पादने असतात) पर्याय निवडण्यासाठी वापरलेले असेल, तर ते काढताना एपीआय अडवते आणि हे ॲट्रिब्यूट कॉन्फिगरेबल उत्पादनांत वापरात आहे असा संदेश देते. ही अडवणूक आपल्या भल्याची आहे. तिला बगल देण्यासाठी अनेक जण कॉन्फिगरेबल उत्पादनावरील तो पर्याय आधी डिलीट करतात, आणि मग त्या मूळ उत्पादनाशी जोडलेली सगळी उपउत्पादने सुटून सुटी होतात. चार रंगांच्या ॲट्रिब्यूटपैकी कोणते खरे हे ठरवताना प्रथम हे पाहा.

तिसरी गोष्ट एपीआय वापरणाऱ्याला दिसतच नाही. ॲट्रिब्यूट सवलतींच्या नियमांत वापरण्याजोगे ठेवलेले असेल आणि त्यावर आधारलेला एखादा नियम चालू असेल, तर ॲट्रिब्यूट काढल्याचा फटका त्या नियमाला बसतो. ॲडमिनमधून काढले असता इतके नियम बंद केले अशी सूचना पडद्यावर येते. एपीआयमधून काढले असता अशी सूचना मिळत नाही. तुमच्या प्रोग्रॅमला ‘ट्रू’ मिळते आणि सणाच्या तोंडावर सवलत का लागत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

सुताड

दोघांचेही मनापासून आभार. सेटच्या क्रमांकाची गाळणी लावून मोजले, तेव्हा तीसपैकी अकरा ॲट्रिब्यूट कोणत्याही उत्पादनात भरलेली नाहीत असे दिसले. एचएसएनचे ॲट्रिब्यूट माझ्या यादीत खरोखरच होते, ते काढून टाकले. (म्हणजे यादीतून काढून टाकले. या धाग्यावर हे स्पष्ट केलेले बरे.)

उरलेल्यांपैकी काही ॲट्रिब्यूट अशी आहेत की त्यांतील मूल्ये दुसऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये हलवायची आहेत. उदाहरणार्थ चार रंगांचे एक करायचे आहे. एक विचार असाही आला की नवे, स्वच्छ ॲट्रिब्यूट सेट तयार करावेत, हवे तेवढेच ॲट्रिब्यूट त्यांत घ्यावे आणि जुने सेट काढून टाकावेत. म्हणजे एकेक ॲट्रिब्यूट सेटमधून काढत बसण्याची गरज उरणार नाही. हे कसे वाटते?

अडगळ_खोली

कृपया थांबा. बाकी सर्व वाचण्याआधी एवढे वाचा : ॲट्रिब्यूट सेट काढला की त्या सेटमधील उत्पादनेही काढली जातात. ॲडमिनमधून सेट काढताना या सेटमधील सर्व उत्पादने काढली जातील असा इशारा मिळतो आणि तो वाचून माणूस मागे फिरतो. एपीआय असा प्रश्न विचारत नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानातून सांगत नाही. भांड्यांच्या एका दुकानाचे काम करताना मी जुना सेट रिकामा झाला आहे असे धरून चाललो होतो. नव्या सेटमध्ये उत्पादने हलवणारा माझा प्रोग्रॅम पानापानाने यादी वाचत असे आणि त्याच यादीवर जुन्या सेटची गाळणी लावलेली होती. एका पानातील उत्पादने हलवली की ती गाळणीतून बाहेर पडत, मागची पुढे सरकत, आणि मी दुसरे पान मागितले की मधली तेवढी न वाचता राहून जात. जवळपास निम्मी उत्पादने जुन्या सेटमध्येच राहिली होती. शेवटी सेट काढण्याची विनंती गेली, ‘ट्रू’ आले आणि ती निम्मी उत्पादने छायाचित्रांच्या जोडण्यांसह गेली. रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले, तरी त्या दिवशी सकाळपासून आलेल्या ऑर्डरी हाताने परत नोंदवाव्या लागल्या. चूक सर्वस्वी माझी होती.

म्हणून नवे सेट जरूर करा, उत्पादने हलवा, पण हलवण्याआधी सर्व एसकेयूंची यादी एकदाच वाचून फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलवरून काम करा. जुना सेट ‘वापरू नये’ असे नाव देऊन एक महिना तसाच राहू द्या. रिकामा सेट कोणाचे काही बिघडवत नाही.

रात्रपाळी

अडगळ_खोली यांनी सांगितलेला पानांचा सापळा फार जणांना अडकवतो. त्याचाच एक जुळा भाऊ आहे : शेवटच्या पानापुढचे पान मागितले तर रिकामी यादी येत नाही, शेवटचेच पान पुन्हा येते. ‘यादी रिकामी आली की थांब’ असे लिहिलेला प्रोग्रॅम त्यामुळे थांबतच नाही. एकूण संख्या वाचून पाने किती ते आधीच ठरवावे.

आता बॅकअपविषयी, कारण सर्व्हर हाती नसताना तो एपीआयमधूनच घ्यावा लागणार आहे आणि येथेच लोक बेसावध राहतात. ड्रॉपडाउन प्रकारच्या ॲट्रिब्यूटमध्ये उत्पादनाच्या नोंदीत ‘मोरपंखी’ असा शब्द नसतो, त्या पर्यायाचा क्रमांक असतो. समजा तो क्रमांक २१७ आहे आणि तुम्ही एसकेयू व २१७ अशी जोडी फाइलमध्ये उतरवून ठेवली. ॲट्रिब्यूट काढले, पुढे परत तयार केले, पर्यायही परत भरले, तरी मोरपंखीला मिळणारा क्रमांक नवा असेल आणि तुमच्या फाइलमधील २१७ ला काहीच अर्थ उरणार नाही. म्हणून ॲट्रिब्यूटची संपूर्ण व्याख्या पर्यायांसह प्रथम उतरवून घ्या आणि उत्पादनांच्या फाइलमध्ये क्रमांकाशेजारी पर्यायाचे नावही लिहा. चार रंगांचे एक करताना तुम्हाला हीच नावांची फाइल लागणार आहे, कारण चारही ठिकाणी मोरपंखीचा क्रमांक वेगळा असेल आणि बहुधा लेखनही.

दुकानाला मराठी आणि इंग्रजी असे दोन स्टोअर व्ह्यू असतील तर आणखी एक अडचण येते. पत्त्यात स्टोअरचा कोड दिला नाही तर एपीआय मूळ स्टोअर व्ह्यूच्या नजरेने वाचते, ‘ऑल’ दिला तर सर्वांना लागू असलेली सामाईक मूल्ये वाचते. एखाद्या व्ह्यूमध्ये वेगळे मूल्य भरलेले नसेल तर त्या व्ह्यूची गेट विनंती सामाईक मूल्यच परत देते, आणि हे मूल्य त्याचे स्वतःचे की उसने हे उत्तरावरून ओळखता येत नाही. मराठी व्ह्यूमधून वाचलेले सगळे मराठी व्ह्यूमध्येच परत भरले, तर प्रत्येक उत्पादनाला त्या व्ह्यूची स्वतंत्र ओळ तयार होते आणि पुढे सामाईक मूल्य बदलले तरी मराठी पानावर जुनेच दिसत राहते. म्हणून आधी ‘ऑल’ची फाइल घ्या, मग प्रत्येक व्ह्यूची घ्या, आणि जेथे व्ह्यूचे मूल्य ‘ऑल’पेक्षा वेगळे आहे तेवढेच व्ह्यूसाठी राखून ठेवा.

लाइव्हवर काम करताना तीसही विनंत्या एका दमात पाठवा, दिवसभर थोड्याथोड्या नकोत. शोधात वापरले जाणारे ॲट्रिब्यूट काढले की शोधाचा इंडेक्स (शोधासाठी बांधून ठेवलेली सूची) अवैध ठरतो आणि क्रॉनच्या (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) पुढच्या फेरीत तो पूर्ण नव्याने बांधला जातो. अंतराअंतराने काढत गेलात तर कॅटलॉगचा इंडेक्स दिवसभर पुन्हा पुन्हा बांधला जाईल. ज्यांच्याकडे सर्व्हर आहे त्यांना तेवढा वेळ क्रॉन थांबवायला सांगता आले तर उत्तम.

खरे सांगायचे तर सर्व्हर आणि कोड आपल्या ताब्यात असतो तेव्हा मी हे काम एपीआयमधून करत नाही, डेटा पॅचमध्ये (डेटाबेसमधील बदल करणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये) लिहितो. तो कोडबरोबर स्टेजिंगवर जातो, लाइव्हवर जातो आणि कोणता पॅच चालून गेला याची नोंद डेटाबेसमध्ये राहते. तुमच्याकडे तो पर्याय नाही, तेव्हा निदान कोणती विनंती केव्हा पाठवली आणि त्याआधी मोजलेली संख्या किती होती, एवढे प्रोग्रॅमने फाइलमध्ये लिहीत जावे.

शिक्कामोर्तब

एक राहिलेच. काढायच्या की नाही अशा संशयातील ॲट्रिब्यूटसाठी आणखी एक मार्ग आहे : पानावर दिसणे, शोधात येणे आणि गाळणीत वापरणे हे तिन्ही गुण पुट विनंतीने बंद करून ते महिनाभर मुके ठेवावे. पुट पाठवताना आधी गेटने आलेली व्याख्या संपूर्ण घ्यावी, त्यातील हवे तेवढे बदलावे आणि सगळी परत पाठवावी. अर्धवट व्याख्या पाठवण्याचा धोका पत्करू नये. महिनाभरात कोणाची तक्रार आली नाही तर मग काढावे.

सुताड

काम झाल्यावर येथे लिहीन असे ठरवले होते. टॉवेलांची मूल्ये लाइव्हवरून वाचून स्टेजिंगवर भरली. रिकामी अकरा ॲट्रिब्यूट आधी स्टेजिंगवर आणि दोन दिवसांनी लाइव्हवर, रात्री अकरानंतर, एका दमात काढली. त्याआधी सवलतींचे नियम व्यापाऱ्यासमोर बसून तपासले. एक नियम ‘कापडाचे वजन २’ यावर आधारलेला निघाला, तो आधी नीट केला. रंगांचे एकत्रीकरण चालू आहे. ‘मोरपंखी’, ‘मोरपंखि’, ‘मोर पंखी’ आणि ‘पीकॉक’ हे एकच आहेत हे कोणत्याही प्रोग्रॅमला कळणार नव्हते, त्यामुळे ती जुळवाजुळव व्यापाऱ्याच्या पेढीवरील माणसाने हाताने केली.

एक नवी गोष्ट मात्र नोंदवतो. काढलेल्या अकरांपैकी दोन ॲट्रिब्यूट दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर होती. कोड तोच, पण क्रमांक नवा आणि आत काही नाही. एका पुरवठादाराची यादी रोज पहाटे आणणारा जुना प्रोग्रॅम, यादीतील रकान्याच्या नावाचे ॲट्रिब्यूट सापडले नाही तर ते स्वतः तयार करतो, असे तपासाअंती कळले. दुसऱ्या पुरवठादाराचा प्रोग्रॅम अजूनही काढलेल्या ॲट्रिब्यूटचे मूल्य पाठवतो, पण मॅजेंटो अनोळखी कोड निमूटपणे सोडून देते, त्यामुळे तिकडून ना चूक आली ना ॲट्रिब्यूट. पहिल्या प्रोग्रॅमच्या टोकनावरून ॲट्रिब्यूट तयार करण्याचा अधिकार आज काढून घेतला आहे. उद्या पहाटे तो काय म्हणतो ते पाहून ती दोन ॲट्रिब्यूट पुन्हा काढेन.